थोडक्या रकमेचा तंटा

थोडक्या पैशांसाठीं भांडावें कीं भांडूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां नीतिशास्त्राचा वाटत नाहीं. फार तर व्यवहारचातुर्याचा वाटतो. नीतिशास्त्रावरील ग्रंथांत खून, असत्य, वचनभंग, देशद्रोह अशा ठसठशीत गोष्टींचा ऊहापोह असतो. ४५० रुपयांच्या पावतीची चर्चा तेथें सांपडावयाची नाहीं. तथापि आम्हां मध्यम स्थितींतील लोकांच्या आयुष्यांत खुनाचे आणि देशद्रोहाचे प्रसंग बहुधा येत नाहींत. ४५० रुपयांच्या पावत्या मात्र महिन्याकाठीं एकदोन तरी येतात. आमचें शील कसास लागावयाचें असेल तर तें अशा पावत्यांवरच लागणार. म्हणून गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं घडलेला एक क्षुल्लक प्रसंग वाचकांपुढें ठेवून त्यांतून निघणाऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें घर असोद्यास आहे. जळगांवपासून हें गांव अगदीं जवळ. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें हें माहेर. १८८० सालीं त्यांचा जन्म येथेंच झाला, एवढें सांगितलें म्हणजे मराठी वाचकास गांवाची ओळख पुरेशी होते. खानदेशचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे; पण येथील पौषांतली पहाटही कांहीं कमी कडक नसते, व एखाद्या वर्षीं पारा दहा अंशांच्याही खालीं उतरतो. आमच्या लहानपणीं अशा पहाटे न्हाणीघराच्या दाराशीं तांब्याचा बंब धुमसत असे. मधल्या नळींत पऱ्हाट्या आणि गोवऱ्या घालाव्या, भोंवतालचें पाणी तापावें, आणि वडील माणसांपासून क्रमानें सर्वांनीं न्हाऊन घ्यावें, असा परिपाठ होता. आतां तो बंब माळ्यावर गेला आहे आणि भिंतीवर २५ लिटरांचा विजेचा गिझर आला आहे.

गिझरची मूळ हमी संपली तेव्हां कंपनीचा एक प्रतिनिधि घरीं आला आणि त्यानें देखभालीची योजना घेण्याचा आग्रह केला. एकदां २,२०० रुपये भरावे. मग दोन वर्षांत गिझर कितीही वेळां बिघडला तरी मजुरी, आंतील सुटे भाग आणि कारागिराची भेट यांस निराळा आकार पडणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्यानें दिलेल्या रंगीत पत्रकावरही तसेंच छापलेलें होतें. आम्हीं पैसे भरले. त्याबरोबर बारीक टाइपांतला चार पानांचा एक कागद आला. तो आम्हीं न वाचतां कपाटांत ठेवला. पुढील हकीकतींत आमचा जो दोष आहे त्याची सुरुवात येथेंच झाली, हें आधीं कबूल केलेलें बरें.

पौषांत गिझर बंद पडला. तक्रार नोंदविल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं एक तरुण कारागीर कानांना मफलर बांधून मोटारसायकलीवरून आला. तो जवळच्याच एका खेड्यांतला. दोन वर्षें आमच्याच महाविद्यालयांत शिकून पुढें शिक्षण सोडलेला. त्यानें टांकी उघडून दाखविली. आमच्या कूपनलिकेच्या पाण्यांत क्षार फार. ते कॉइलवर पांढऱ्या दगडासारखे बसले होते. त्या थरांतून उष्णता पाण्यांत नीट जात नाहीं, मग कॉइल आपल्याच उष्णतेनें जळते, हें त्यानें समजावून सांगितलें. कॉइलशेजारीं एक झिजलेला दांडा होता. तो मॅग्नेशियमचा असतो. पाणी लोखंडाच्या टांकीला खाण्याऐवजीं त्या दांड्याला खातें, तो झिजत जातो आणि टांकी वांचते, असें तो म्हणाला. तासाभरांत त्यानें नवी कॉइल बसवून पाणी तापवून दिलें. काम चोख होतें. मग त्यानें ८५० रुपयांचें बिल पुढें केलें : क्षार काढण्याचे ४००, भेटीचा आकार २५०, आणि गांव शहराच्या हद्दीबाहेर म्हणून अंतराचा आकार २००.

आम्ही संतापलों. उनाड विद्यार्थ्यास वर्गांत उभें करून बोलावें त्या सुरांत आम्ही त्यास पांचसात मिनिटें बोललों. योजना कसली, ही उघड फसवणूक आहे, इत्यादि जें सुचलें तें सर्व म्हणालों. तो खालीं मान घालून ऐकत होता. आमचें बोलणें संपल्यावर तो एवढेंच म्हणाला, "सर, पैसे नाही भेटले तं ते मलेच भरा लागतीन."

तेवढ्यांत आमची पत्नी चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, द्या पाहूं त्याला पैसे. एवढ्या थंडीचा आला आहे पोरगा." आम्हीं पैसे दिले, पावतीवर 'हरकत राखून दिले' असें मात्र लिहिलें. त्यानें चहा घेतला, नमस्कार केला आणि तो गेला. त्या दिवशीं पाणी चांगलें तापलें होतें; तरी स्नानास बसतांना मन स्वस्थ नव्हतें. पैसे गेले याचा राग होता, आणि राग चुकीच्या माणसावर निघाला याची लाज होती. या दोहोंपैकीं खरी भावना कोणती, हाच विचार दिवसभर पाठ सोडीना.

अशी गोष्ट सोडून द्यावी असें म्हणणारांच्या बाजूस तीन कारणें आहेत, आणि तीं तीनही त्या दिवशीं आमच्या घरांत निघालीं. पहिलें हिशेबाचें. पत्रें लिहिणें, दूरध्वनीवर तिष्ठत बसणें, कागद जुळविणें यांत जाणाऱ्या वेळाची किंमत केली तर ती ४५० रुपयांहून सहज अधिक होते. म्हणून शहाण्या माणसानें अशा भरीस पडूं नये. दुसरें प्रतिष्ठेचें. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें थोडक्या रुपयांसाठीं हातघाईवर येणें शोभत नाहीं. तिसरें दयेचें. आपल्या भांडणाचा फटका कंपनीस बसत नाहीं, तो त्या गरीब पोरास बसतो.

दुसऱ्या कारणाचा निकाल आधीं लावूं; कारण तें सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत पोकळ आहे. आमच्याकडचीं भरिताचीं वांगीं प्रसिद्ध आहेत. तीं विकावयास बसलेल्या बाईशीं आम्ही सुशिक्षित लोक पांच रुपयांसाठीं घासाघीस करतों आणि तीस व्यवहारदक्षता म्हणतों. तेथें आमची प्रतिष्ठा आड येत नाहीं. मोठी पेढी, छापील कागद आणि गोड आवाजांत बोलणारी यंत्रें समोर आलीं कीं मात्र ती एकाएकीं जागी होते. समोरचा जितका दुबळा तितकें आमचें शौर्य अधिक, असें हें व्यस्त प्रमाण आहे. ज्यास आम्ही उदारपणा म्हणतों तो पुष्कळदां केवळ संकोच असतो, आणि कांहीं वेळां आळस असतो.

हिशेबाच्या कारणास एका जर्मन कायदेपंडितानें फार पूर्वींच उत्तर दिलें आहे. १८७२ सालीं रुडॉल्फ फॉन येरिंग यानें व्हिएन्ना येथें हक्कासाठीं करावयाच्या झगड्यावर एक व्याख्यान दिलें; तें पुढें पुस्तकरूपानें अनेक भाषांत गेलें. त्यांत त्यानें युरोपांत प्रवास करणाऱ्या एका इंग्रजाचें उदाहरण घेतलें आहे. खाणावळवाला किंवा गाडीवाला अधिक पैसे मागूं लागला तर हा इंग्रज आपला मुक्काम लांबवितो, वादाच्या रकमेच्या दसपट खर्च सोसतो, पण नमत नाहीं. लोक त्यास हंसतात. येरिंगच्या मतें त्यास हंसण्यापेक्षां समजून घेणें बरें. कारण त्या थोडक्या नाण्यांच्या पाठीशीं तो माणूस स्वतःचा मान आणि आपल्या देशाची न्यायबुद्धि उभी करीत असतो. हक्क राखणें हें स्वतःविषयींचें कर्तव्य आहे, आणि समाजाविषयींचेंही आहे. कारण सर्वांनीं आपापले हक्क सोडून दिले तर कायदा पुस्तकांतच राहतो.

हें उत्तर आम्हांस पटतें. पण त्यानें आमचें पुरतें समाधान होत नाहीं. गाडीवाला स्वतःच दर सांगतो आणि स्वतःच पैसे घेतो. त्याच्याशीं भांडणारा इंग्रज योग्य माणसाशीं भांडत असतो. आमच्या दाराशीं उभा असलेला तो मुलगा दर ठरविणारा नव्हता. योजनेचा कागदही त्यानें लिहिलेला नव्हता. त्याच्यावर आवाज चढवून आम्हीं कोणता हक्क राखिला? येरिंगनें आपल्या व्याख्यानांत क्लाइस्ट या जर्मन लेखकाच्या, १८१० सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झालेल्या एका कथेचा आदरानें उल्लेख केला आहे. मिखाएल कोलहास नांवाचा घोड्यांचा एक सचोटीचा व्यापारी असतो. एका सरदाराच्या नाक्यावर त्याच्याकडे, कायद्यांत कोठेंही नसलेला परवाना मागतात आणि तो नाहीं म्हणून त्याचे दोन घोडे अडकवून ठेवतात. पुढें त्या घोड्यांचीं हाडें निघेपर्यंत त्यांस राबवितात. न्यायालयांत दाद लागत नाहीं. तेव्हां हा सज्जन माणूस टोळी जमवितो आणि गांवें जाळीत सुटतो. शेवटीं घोडे त्यास पूर्ववत् धष्टपुष्ट होऊन परत मिळतात, आणि त्याच दिवशीं त्याचा शिरच्छेद होतो. येरिंगला या कथेंत न्यायाचा हुतात्मा दिसला. आम्हांस मात्र तींत दुसरेंही कांहीं दिसतें. ज्यांचीं घरें जळलीं त्यांनीं कोलहासचे घोडे अडविले नव्हते. हक्काचा पाठलाग करणाराची दृष्टि एकदां त्या हक्कावर खिळली कीं वाटेंत कोण तुडविला जातो हें त्यास दिसेनासें होतें. आमच्या ओसरीवर पांचसात मिनिटें जें घडलें तें याच रोगाचें अगदीं सौम्य रूप होतें.

तेव्हां प्रश्न भांडावें कीं न भांडावें एवढाच राहत नाहीं. आपलें म्हणून आपण काय मागत आहों आणि तें कोणाकडे मागत आहों, हें आधीं ठरवावें लागतें.

देखभालीच्या योजनेंत आपण नक्की काय विकत घेतों? कॉइल नव्हे, कॉइल जळेल न जळेल. आपण निश्चिंतता विकत घेतों. पुढें कांहीं बिघडलें तर आपल्यास त्याचा भार पडणार नाहीं, या वचनाचे आपण आगाऊ पैसे देतों. ही कल्पना परकी किंवा नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या खेड्यांत ती शतकानुशतकें बलुत्याच्या रूपानें नांदत होती. सुतारानें वर्षभर नांगर, वखर, पाभर दुरुस्त करून द्यावीं, लोहारानें फाळ शेवटून द्यावे, आणि सुगीला खळ्यावर शेतकऱ्यानें त्यांचा धान्याचा वांटा त्यांस द्यावा. दर खेपेस पैशाचा हिशेब नसे. नवी गाडी करावयाची झाली तर तिची मजुरी निराळी. म्हणजे योजनेंत काय येतें आणि काय येत नाहीं याची वहिवाट ठरलेली होती, आणि ती गांवांत सर्वांस तोंडपाठ असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत या व्यवस्थेचें विस्तृत वर्णन करून तिच्यांतल्या दोषांवरही बोट ठेवलें आहे.

या जुन्या योजनेचें गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. तिच्यांत सुताराच्या कामाला जशी वहिवाटीची सीमा होती तशी सर्वांच्याच कामाला नव्हती. महारांच्या वतनी कामास वेळ नव्हती, सीमा नव्हती. रात्रीं-अपरात्रीं केव्हांही हांक येई, वतनदार घरीं नसला तर घरांतल्या दुसऱ्या कोणास तरी जावें लागे, आणि मोबदला अगदीं तुटपुंजा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें तें याच अन्यायाविरुद्ध. पुढें १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतलीं हीं कनिष्ठ वतनें रद्द झालीं. त्या भयंकर अन्यायाची आणि आमच्या गिझरच्या बिलाची तुलना करणें हास्यास्पद होईल, आणि ती आम्ही करीत नाहीं. पण त्या इतिहासांतून एक नियम शिकण्यासारखा आहे. कोणत्याही करारांत जी जागा मोघम ठेवलेली असते ती नेहमीं बलवानाच्या सोयीनें भरली जाते. दुबळ्याचें संरक्षण मोठ्या मनानें होत नाहीं. स्पष्ट शब्दांनीं होतें. म्हणून कागदावरील शब्दाविषयीं आग्रह धरणें यास कोणी कोतेपणा म्हणूं नये.

हा विचार मनांत आल्यावर आम्हीं कपाटांतला तो चार पानी कागद काढून प्रथमच वाचला. वाचून थोडे वरमलों. क्षारांमुळें झालेली झीज आणि ते क्षार काढण्याचें काम योजनेंत येत नाहीं, असें तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलें होतें. म्हणजे ज्या ८५० रुपयांसाठीं आम्ही गरजलों त्यांतले ४०० रुपये आम्ही रीतसर लागत होतों. इतकेंच नव्हे, त्या कलमाचा कडक अर्थ केला असता तर जळलेली कॉइलही आमच्या माथीं मारतां आली असती. ती त्या मुलानें योजनेंत धरली होती. भेटीचा आकार मात्र त्या कागदांत कोठेंही नव्हता. अंतराचा आकार 'सेवाक्षेत्राबाहेर' लागेल असें एक वाक्य होतें. पण सेवाक्षेत्र म्हणजे कोठून कोठपर्यंत, हें कोठेंच सांगितलेलें नव्हतें, आणि योजनेचे पैसे घेतांना कंपनीनें पत्ता असोद्याचाच लिहून घेतला होता. करारांतला शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ तो शब्द लिहिणाराच्या विरुद्ध करावा, असा रोमन कायद्यापासून चालत आलेला एक नियम आहे. त्याचें कारण उघड आहे : स्पष्ट लिहिणें ज्याच्या हातीं होतें त्यानें तें टाळलें, तर त्या अस्पष्टतेचा नफा त्यास मिळूं नये. तात्पर्य, आमचें खरें येणें ४५० रुपये. दुसऱ्याकडे चोख हिशेब मागावयास जाणारानें आधीं स्वतःचा हिशेब चोख करावा लागतो, आणि तो केला कीं रागाचा पुष्कळ भाग आपोआप उतरतो, असा अनुभव आम्हांस त्या दिवशीं आला.

परंतु राग उतरल्यावर दुसरा मोह पुढें आला. ४५० रुपयेच ना, मग सोडून देऊं. क्षमा हा मोठा गुण नव्हे काय? येथें तुकोबांच्या चरित्रांतली, परंपरेनें आपल्यापर्यंत आलेली एक गोष्ट आम्हांस आठवली. घरच्या सावकारीचीं खतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यांतला एक भाग सांगतांना आपण बहुधा गाळतों. खतें बुडविण्यापूर्वीं त्यांनीं त्यांची वांटणी केली. निम्मीं धाकटे बंधु कान्होबा यांस दिलीं, आणि आपल्या वांट्यास आलेलीं तेवढींच पाण्यांत टाकलीं. एवढ्या विरक्त पुरुषानेंही क्षमा केली ती स्वतःच्या वांट्याची. भावाचें येणें माफ करण्याचा अधिकार त्यांनीं स्वतःकडे घेतला नाहीं.

आमच्या मतें या सबंध प्रश्नाची किल्ली येथें आहे. क्षमा आपल्या वांट्याची करतां येते. दुसऱ्याच्या वांट्याची करतां येत नाहीं. एखाद्या शेजाऱ्यानें आम्हांस ४५० रुपये बुडविले तर ते सोडून देण्यास आम्ही मुखत्यार आहों. पण देखभालीचा तो कागद एकट्या आमच्या घरीं आलेला नव्हता. त्याच दिवशीं संध्याकाळीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं आमच्या गल्लींत आणखी चार घरीं तीच योजना आहे. त्यांतल्या एका घरांत निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या एक वृद्ध विधवा बाई आहेत. त्यांनीं दोन वर्षांत तीन वेळां भेटीचा आणि अंतराचा आकार निमूटपणें भरला होता : एकूण १,३५० रुपये. "छापील पावती होती, मग खरंच असेल असं वाटलं," असें त्या म्हणाल्या. छापील अक्षरावर विश्वास ठेवावयास ज्यांनीं लोकांस शिकविलें त्या शिकलेल्या वर्गांतच आमची गणना होते. आम्हीं मोठ्या मनानें पैसे सोडले असते तर तें मोठें मन बाईंच्या पैशांवर दाखविल्यासारखें झालें असतें. शिवाय दान करावयाचें तर तें ओळखून, आपल्या हातानें, गरजवंतास करावें. कारागिरास चहा देणें, वर चार पैसे देणें हें दान होय. कोणीतरी न विचारतां कापून घेतलेल्या रकमेस मागाहून दान म्हणणें ही स्वतःची फसवणूक होय.

'म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो' ही म्हण अशा वेळीं सर्वांच्या तोंडीं येते, आणि ती खरीही आहे. पण ती उच्चारणारानें एक खबरदारी घेतली पाहिजे. सोकावणारा काळ आणि दाराशीं उभा असलेला माणूस हे एकच नव्हेत. त्या गिझरमधला मॅग्नेशियमचा दांडा आम्हांस या विचारांत वारंवार आठवला. टांकीला गंज लागूं नये म्हणून जसा तो आंत बसविलेला असतो, तसेच मोठ्या पेढ्यांनीं आपल्या आणि गिऱ्हाइकांच्या मध्यें हे तरुण उभे केलेले असतात. आमचा संताप त्यांच्या अंगावर झिजतो आणि पेढीस ओरखडाही उठत नाहीं. दारांतल्या दारांत ओरडून आम्हांस वाटतें कीं आम्ही लढलों. वस्तुतः आम्हीं त्या व्यवस्थेस तिला हवी तशीच मदत केलेली असते. तिसरें, म्हणजे दयेचें, कारण येथें लागू पडतें. पण तें भांडण सोडण्याचें कारण नव्हे, भांडणाचा पत्ता बदलण्याचें कारण आहे.

त्याप्रमाणें आम्हीं कंपनीच्या मुख्य कचेरीस पत्र लिहिलें. ४०० रुपये आम्ही देणें होतों हें प्रथम मान्य केलें. उरलेल्या ४५० रुपयांना कागदांत आधार कोणता, हें विचारलें. आणि कारागिराचें काम उत्तम होतें, ही रक्कम परत करतांना ती त्याच्या पगारांतून कापूं नये, असेंही लिहिलें. एक गोड छापील उत्तर आलें. त्यांत आमच्या प्रश्नाचा उल्लेखही नव्हता. दुसरें पत्र लिहिलें. तिसऱ्या महिन्यांत ४५० रुपये परत आले, आणि सोबत दोन ओळी : नियमाप्रमाणें हे पैसे देय नसले तरी जुने ग्राहक म्हणून सद्भावनेनें परत करीत आहों.

ज्यांस ही हकीकत येथें संपली असें वाटेल त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे. येणें आणि उपकार या दोन वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. येणें म्हणून ४५० रुपये परत आले असते तर त्या बाईंचे १,३५० रुपयेही आपोआप येणें ठरले असते. उपकार म्हणून आले, त्यामुळें नियम जागच्या जागीं राहिला आणि तक्रार करणारें एक तोंड तेवढें बंद झालें. थोडक्या रकमेच्या तंट्यांत पेढ्यांचें खरें बळ हेंच असतें : भांडणारास पैसे देणें त्यांस परवडतें, न भांडणाऱ्यांकडून ते भरून निघतात. आम्हीं पैसे स्वीकारले. पण ते उपकार म्हणून स्वीकारले नाहींत असें लेखी कळविलें, आणि पांचही घरांचे कागद एकत्र केले.

सुदैवानें आज कायद्यानें हा मार्ग पुष्कळ सोपा केला आहे. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास ग्राहक पंचायतीचें काम सुरू केलें तेव्हां ग्राहकासाठीं निराळा कायदा नव्हता. तो १९८६ सालीं आला, आणि त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. उभयपक्षीं ठरलेल्या किंमतीहून अधिक रक्कम घेणें हें या कायद्यांत तक्रारीचें स्पष्ट कारण आहे. तक्रारदारास स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जातां येतें; कंपनीची कचेरी असेल त्या शहरीं धांवावें लागत नाहीं. पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचें शुल्क नाहीं. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनें एकत्र तक्रारही करतां येते. आमच्या गल्लीचे कागद आतां त्याच वाटेवर आहेत. निकाल काय लागेल तें आज सांगतां येत नाहीं. पण त्या बाई परवां आपण होऊन आल्या आणि चौथी पावती देऊन गेल्या. ती त्यांनीं मीठमसाल्याच्या डब्याखालीं जपून ठेविली होती.

एका गोष्टीचा उलगडा मात्र आम्हांस झालेला नाहीं. चैत्रांत गिझरच्या नेहमींच्या तपासणीस निराळाच माणूस आला. आधींच्या मुलाची चौकशी केली तेव्हां त्यानें काम सोडलें एवढेंच तो सांगूं शकला. आपण होऊन सोडलें कीं सोडावें लागलें, आणि आमच्या पत्रांतल्या त्या एका वाक्याचा त्यास उपयोग झाला कीं त्या पत्रामुळेंच त्याचें नांव वरच्या लोकांच्या नजरेस आलें, हें आम्हांस कळलेलें नाहीं. त्याच्या गांवीं जाऊन विचारण्याचें आम्हीं ठरविलें आहे. ४५० रुपयांचा हिशेब आम्हीं तीन महिने पाठपुरावा करून मिळविला. त्या पांचसात मिनिटांचा आमच्याकडून येणें असलेला हिशेब अजून बाकी आहे, आणि तो सद्भावना म्हणून नव्हे, तर देणें म्हणूनच फेडावा लागेल.